तिसऱ्या मजल्यावरून हॅम रेडिओ: अर्थिंग कुठे द्यायचं, केबल आत कशी आणायची

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला, रिग म्हणजे रेडिओ संच टेबलावर आला, की फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, अर्थिंग कुठे देऊ?" उत्तरंही ठरलेलीच मिळतात. एक जण सांगतो, खाली बागेत तांब्याचा रॉड ठोक आणि जाड वायर भिंतीवरून वर आण. दुसरा म्हणतो, नळाच्या पाइपाला बांधून टाक. तिसऱ्याच्या मते थ्री-पिनच्या अर्थला जोडलं की झालं. पहिला सल्ला मेहनतीचा आणि बहुतेक वेळा वाया जाणारा. दुसरा आता कालबाह्य, कारण नव्या इमारतींत पाइप सीपीव्हीसीचे असतात आणि प्लॅस्टिकमधून कसलं अर्थिंग मिळणार? तिसरा अर्धा बरोबर आहे, पण अर्धाच.

मुळात अर्थिंगकडून आपल्याला तीन कामं करून हवी असतात. घरातल्या विजेचा झटका बसू नये, हे पहिलं. आकाशातल्या विजेने घर आणि रिग जाळू नये, हे दुसरं. आणि अँटेनाने नीट काम करावं, हे तिसरं. तिन्ही प्रवाहांचा स्वभाव इतका वेगळा आहे, की एका कामाला उत्तम असलेली वायर दुसऱ्या कामाला टाकाऊ ठरते. हे शब्दांपेक्षा आकड्यांतून लवकर पटतं.

तिसऱ्या मजल्याची खिडकी जमिनीपासून साधारण १० मीटरवर असते. तिथून खालच्या रॉडपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सोडली असं समजू. तिचा रोध सुमारे ०.०४३ ओहम. घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेसाठी हा रोध म्हणजे काहीच नाही. शॉर्ट होऊन १०० अँपिअर वाहिले तरी वायरीच्या दोन टोकांत चार-सव्वाचार व्होल्टचाच फरक पडतो.

आता तीच वायर आकाशातल्या विजेच्या नजरेतून पाहा. कोणत्याही सरळ वायरीला इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) असतो, मीटरमागे ढोबळमानाने दीड मायक्रोहेन्री. म्हणजे १० मीटरला १५. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १० हजार अँपिअरने चढला असं धरलं, तर या वायरीच्या दोन टोकांत दीड लाख व्होल्ट उभे राहतात. खालचं टोक जमिनीत आहे, रॉड उत्तम आहे, तरीही वरचं टोक दीड लाखावर.

आणि रेडिओ लहरींसाठी? ४० मीटर बँडवर (बँड म्हणजे तरंगलांबीवरून नाव दिलेला फ्रीक्वेन्सीचा पट्टा), ७.१ मेगाहर्ट्झला, तरंगलांबी ३०० भागिले ७.१, म्हणजे ४२ मीटर आणि थोडी वर. तिचा चौथा हिस्सा १०.५६ मीटर. आपल्या वायरीची लांबी जवळपास तेवढीच! पाव तरंगलांबीच्या वायरीची खोड अशी, की एका टोकाला जे असेल त्याच्या उलट ती दुसऱ्या टोकाला दाखवते. खाली जमिनीपाशी व्होल्टेज शून्याजवळ आणि प्रवाह भरपूर, तर वर रिगपाशी व्होल्टेज भरपूर आणि प्रवाह नावाला. थोडक्यात, रिगच्या दृष्टीने ती वायर कुठे जोडलेलीच नाही. २० मीटर बँडवर हीच वायर अर्धी तरंगलांबी होते आणि खालची जमीन वर जशीच्या तशी दिसते. म्हणजे तिथे ती चालते. १५ मीटरवर पुन्हा बोंब, १० मीटरवर पुन्हा बरी. शिवाय ती नुसती लटकत नाही, स्वतःच अँटेना होते. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यावरच्या केबल टीव्हीच्या, ब्रॉडबँडच्या वायरींना घासून खाली जाणारी अँटेना. शेजाऱ्यांशी वैर पत्करायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

म्हणून माझं सरळ मत आहे: वरच्या मजल्यावरून आरएफसाठी, म्हणजे रेडिओ लहरींसाठी, जमीन शोधू नका. ती तिथे नाही. जमिनीचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

जमीन नको, दुसरी बाजू हवी

ट्रान्समीटरला दोन टोकं असतात. एका टोकातून अँटेनात जितका प्रवाह ढकलला जातो, तितकाच दुसऱ्या टोकाला कशात तरी जावा लागतो. होडीतून काठावर उडी मारताना होडी मागे सरकते, तसं. रेट्याला आधार लागतो. पाव तरंगलांबीची उभी काठी जमिनीवर रोवली की हा आधार जमीन आणि तिच्यावर पसरलेल्या रेडियल वायरी देतात. डायपोलला, म्हणजे मध्यातून जोडलेल्या दोन सारख्या हातांच्या वायर अँटेनाला, मात्र जमीन लागतच नाही. त्याचे दोन हात एकमेकांना आधार देतात. त्यामुळे गच्चीवर जागा असेल तर फ्लॅटवाल्याने दुसरा विचार करूच नये.

डायपोलची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ७.१ साठी २०.१ मीटर, १४.२ साठी १०.१ मीटर. थोडी जास्त कापा आणि टोकांकडून मागे दुमडत आणा, कारण कापलेली वायर पुन्हा वाढत नाही. वीस मीटर सरळ गच्ची मिळत नसेल तर मध्य उंच ठेवून दोन्ही हात उतरते बांधायचे, किंवा टोकं खाली वळवून लोंबती सोडायची. सर्वात जास्त प्रवाह मध्यात असतो, म्हणून मध्य मोकळा आणि उंच हवा. टोकांना थोडी मुरड घातली तरी फार बिघडत नाही. मात्र टोकांवर शंभर वॉटला शेकडो व्होल्ट असतात. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाचा हात पोचेल अशी ती बांधू नयेत.

गच्ची नाहीच, फक्त बाल्कनी आहे, अशांनी दुसरी बाजू हाताने तयार करायची. हिला हॅम मंडळी काउंटरपॉइज म्हणतात. २० मीटर बँडसाठी बाल्कनीच्या रेलिंगवरून एक पाव तरंगलांबीची काठी तिरकी बाहेर काढली, तर तिच्या जोडीला ५ मीटरच्या आसपास लांबीची इन्सुलेटेड वायर कठड्याच्या कडेने किंवा खोलीत स्कर्टिंगलगत पसरायची. दुसरं टोक कशालाच जोडायचं नाही, त्याला टेप गुंडाळून मोकळं ठेवायचं. ज्या ज्या बँडवर बोलायचं, त्या त्या बँडची एक वायर. दिसायला पोरखेळ वाटतो, पण दहा मीटर खालच्या रॉडपेक्षा ही वायर कितीतरी जास्त काम करते.

बाल्कनीची लोखंडी ग्रिल काउंटरपॉइज म्हणून वापरणारेही आहेत. ग्रिल वेल्ड केलेली, रंग खरवडून क्लॅम्प नीट बसवलेला असेल तर चालते. नटबोल्टांवर जोडलेली आणि गंजलेली असेल तर नको. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि नको त्या फ्रीक्वेन्सीवर कचरा सोडतो. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेची ग्रिल तर या कामाला घेऊच नये.

अर्ध्या तरंगलांबीची वायर टोकाकडून फीड करण्याचा, म्हणजे तिथून सिग्नल देण्याचा, प्रकारही फ्लॅटमध्ये सोयीचा आहे. एकच वायर खिडकीतून समोरच्या झाडाकडे किंवा गच्चीकडे नेता येते. टोकाशी इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, म्हणून तो रिगशी जुळवायला ४९ ला १ असा ट्रान्सफॉर्मर लागतो. शंभर वॉटला तिथे ५०० व्होल्ट होतात. डबा हाताच्या टप्प्यात ठेवू नका. "याला काउंटरपॉइज लागत नाही" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. लागतो. लहानसा पुरतो, ४० मीटर बँडला दोनेक मीटर, पण दिला नाही तर प्रवाह कोअॅक्सच्या, म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलीच्या, जाळीतून स्वतःची सोय करून घेतो.

कोअॅक्सची तिसरी वायर

ही जाळीची भानगड समजली की वरच्या मजल्यावरच्या निम्म्या तक्रारी सुटतात. कोअॅक्स केबलीत आपल्याला दोन वाहक दिसतात, आतली तार आणि बाहेरची जाळी. प्रत्यक्षात रेडिओ लहरींच्या दृष्टीने ते तीन आहेत. उच्च फ्रीक्वेन्सीचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालाच चिकटून वाहतो. तांब्यात ७ मेगाहर्ट्झला तो जेमतेम ०.०२५ मिलिमीटर आत शिरतो. त्यामुळे जाळीचा आतला पृष्ठभाग आणि बाहेरचा पृष्ठभाग एकमेकांना ओळखतही नाहीत. आतल्या बाजूने सिग्नल शिस्तीत अँटेनापर्यंत जातो. बाहेरची बाजू मात्र केबलीच्या वरच्या टोकाला, जिथे जाळी डायपोलच्या एका हाताला जोडली आहे, तिथे उघडी पडलेली असते. आणि तिथून थोडा प्रवाह त्या बाहेरच्या पृष्ठभागावरून खाली, खिडकीतून आत, थेट रिगपर्यंत चालत येतो.

याची लक्षणं ओळखायला सोपी आहेत. बोलताना ओठ माइकच्या जाळीला लागले की चुरचुरतात. प्रक्षेपणाची की दाबली की लॅपटॉपचा यूएसबी तुटतो. एलईडी दिवा बोलण्याच्या तालावर लुकलुकतो. समोरचा स्टेशन म्हणतो, आवाज फाटतोय. आणि हमखास खूण म्हणजे रिगला किंवा केबलीला नुसता हात लावला तरी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप) बदलतो. अशा वेळी लोक अर्थिंगची वायर आणखी जाड करत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोष अँटेनाच्या मुळाशी आहे, टेबलाखाली नाही.

इलाज म्हणजे चोक. आतल्या सिग्नलला धक्का न लावता फक्त बाहेरच्या पृष्ठभागावरच्या प्रवाहाला अडवणारा. घरी करायचा तर २४० मापाचा, म्हणजे २.४ इंच बाहेरच्या व्यासाचा, ३१ नंबर मिश्रणाचा फेराइट टॉरॉइड घ्यावा. त्यातून आरजी-५८ या बारीक कोअॅक्स केबलीचे बाराएक वेढे काढायचे. भोकातून केबल जितक्या वेळा जाते तितके वेढे, बाहेरून मोजायचे नाहीत. निम्मे वेढे झाले की केबल भोकातून पलीकडे काढून उरलेले समोरच्या बाजूने घेतात, म्हणजे आत येणारं आणि बाहेर जाणारं टोक एकमेकांपासून लांब राहतं. वेढे आवळताना केबल चेपू देऊ नका, आतलं प्लॅस्टिक सरकलं की आतली तार जाळीच्या जवळ येते. दोन टोकांना झिप टाय, आणि सगळं एका पीव्हीसी जंक्शन बॉक्समध्ये. बॉक्सच्या तळाला एक बारीक भोक ठेवा, आत जमलेला ओलावा खाली उतरायला. असा चोक एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) बहुतेक बँडांवर हजारो ओहमचा अडथळा उभा करतो. फेराइट मिळालाच नाही तर चार-पाच इंची पीव्हीसी पाइपावर सहाएक मीटर केबल एका थरात गुंडाळूनही चोक होतो. स्वस्त असतो, पण ठरावीक पट्ट्यातच चांगला चालतो.

एक चोक डायपोलच्या मध्याशी, दुसरा केबल घरात शिरायच्या आधी. टोकाकडून फीड केलेल्या वायरीला वेगळा काउंटरपॉइज द्यायचा नसेल, तर पहिला चोक ट्रान्सफॉर्मरला चिकटवू नका. दोन मीटर केबल सोडून मग लावा, म्हणजे तेवढीच केबल काउंटरपॉइजचं काम करेल आणि प्रवाह तिथेच थांबेल.

भिंतीतलं अर्थिंग सोडायचं नाही

आरएफसाठी जमीन नको म्हटलं म्हणून थ्री-पिनची जाड पिन काढून टाकायची नाही. तिचं काम जीव वाचवण्याचं आहे आणि त्याला पर्याय नाही.

१३.८ व्होल्टचा एसएमपीएस पॉवर सप्लाय घ्या. शंभर वॉटच्या रिगला वीस-बावीस अँपिअर लागतात, म्हणून हा असतोच. त्याच्या आत मेन्सच्या दोन्ही तारांपासून बॉडीला दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, गोंगाट गाळण्यासाठी. अर्थ मिळालं तर त्यातला किरकोळ प्रवाह निमूट जमिनीत जातो. अर्थ तुटलेलं असेल तर दोन कपॅसिटर व्होल्टेज निम्मं वाटून घेतात आणि बॉडी ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. हाताची पाठ हलकेच फिरवली की मुंग्या येतात, टेस्टरचा निऑन पेटतो. हाच सप्लाय रिगला, रिग कोअॅक्सला आणि कोअॅक्स गच्चीवरच्या जाळीला जोडलेली आहे. म्हणजे गच्चीवर काम करणाऱ्यालाही झिणझिण्या.

जुन्या इमारतींत, चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. वायरमनकडून मोजून घ्या. न्यूट्रलला अर्थ समजून जोडणारे महाभाग अजून आहेत, तसं कदापि करू देऊ नका, कारण न्यूट्रल तुटला की सगळ्या उपकरणांच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात. पाइप गॅसच्या नळीला काहीही बांधायचं नाही, हे सांगायला लागू नये, तरी सांगतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

टेबलामागे तांब्याची एक पट्टी लावून रिग, ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवणारा डबा), पॉवर सप्लाय यांच्या बॉडी आखूड वेणीने तिला जोडाव्यात आणि पट्टी मेन्सच्या अर्थला. जुन्या कोअॅक्सची जाळी ओढून काढली की छान चपटी वेणी मिळते. यामुळे सगळी उपकरणं एका पातळीवर राहतात आणि एकातून दुसऱ्यात आरएफ शिरायला जागा उरत नाही.

वळीव यायच्या आधी

आपल्याकडे विजेचा खरा धोका ऐन पावसाळ्यात कमी, त्याच्या दोन्ही टोकांना जास्त. एप्रिल-मेचा वळीव आणि परतीचा पाऊस. मराठवाडा-विदर्भातल्या हॅमना हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलवर असू द्या.

वरचं दीड लाखाचं गणित आठवा. तिसऱ्या मजल्यावर खिडकीत अरेस्टर (वीज जमिनीकडे वळवणारं उपकरण) लावून त्याला दहा मीटरची वायर जोडल्याने थेट पडलेली वीज आवरत नाही. त्याहून वाईट म्हणजे फक्त अँटेनासाठी वेगळा रॉड ठोकून तो इमारतीच्या अर्थिंगपासून अलग ठेवणं. जवळ वीज पडली की दोन जमिनींच्या पातळीत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि त्या दोघींना जोडणारा एकमेव रस्ता तुमच्या रिगमधून जातो. रॉड हवाच असेल तर तो इमारतीच्या अर्थिंगशी बाहेरच्या बाहेर जोडलेला हवा. गच्चीवर वीजवाहक बसवलेला असेल तर अँटेनाचा खांब त्याला जाणकार माणसाकडून जोडून घ्यावा.

बाकी उपाय साधा आहे: काम संपलं की केबल सोडायची. पण सोडलेलं टोक टेबलामागे लोंबत ठेवलं तर वीज घरात आणून सोडल्यासारखंच. ते खिडकीबाहेर गेलं पाहिजे. पॉवर सप्लायचा प्लगही काढायचा. आणि हे ढग दिसायच्या आधी करायचं, गडगडाट सुरू झाल्यावर केबलीला हात लावायचा नाही.

केबल आत आणताना

एचएफसाठी केबलीवर फार खर्च करायची गरज नसते. २५ मीटर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झला शंभरातले वीसेक वॉट वाया जातात, जाड आरजी-२१३ मध्ये दहाच्या आत. समोरच्याला हा फरक कळणारही नाही. १४४ मेगाहर्ट्झच्या २ मीटर बँडवर मात्र चित्र पालटतं. तेवढ्याच आरजी-५८ मधून शंभरातले तीसेक वॉट वर पोचतात, आरजी-२१३ मधून साठच्या आसपास. टीव्हीची आरजी-६ स्वस्त आणि ७५ ओहमची असते, डायपोलला ती शोभतेही, पण तिची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असल्याने सोल्डर धरत नाही.

स्लायडिंग खिडकीच्या फटीतून केबल दाबून आणण्याचा मोह होतो. चार महिन्यांत ती चेपते. स्प्लिट एसीच्या पाइपासाठी भिंतीला पाडलेलं भोक असेल तर तेच वापरा. नाहीतर खिडकीच्या एका तावदानाच्या जागी अॅक्रिलिकची पट्टी बसवून तिच्यात आरपार कनेक्टर लावा. बाहेरची केबल बाहेर, आतली आत, आणि वादळाआधी बाहेरची केबल सोडायची सोय आपोआप होते. भोकाआधी केबलीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी केबलीवरून घरंगळत भिंतीत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकेल. गच्चीवरच्या पीएल-२५९ कनेक्टरला आधी स्वतःत मिसळणारी रबरी टेप ताणून, वर साधी पीव्हीसी टेप, शेवटचा वेढा खालून वर. पाणी एकदा जाळीत शिरलं की वातीसारखं मीटर-मीटर चढतं आणि ती केबल फेकावी लागते.

गच्चीवर काही बांधायच्या आधी सोसायटीला लेखी कळवावं, परवान्याची प्रत जोडून. आणि वायर तुटून कुठेही पडली तरी महावितरणच्या तारांना शिवणार नाही इतकं अंतर राखायचं, यात सूट नाही.

सगळं जोडून झालं की थेट शंभर वॉटवर जाऊ नका. पाच वॉटवर की दाबून केबल हातात धरा, एसडब्ल्यूआरचा काटा हलतो का पाहा. मग मध्ये दोन मीटर केबल वाढवून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा आकडा जवळपास तोच राहिला तर चोक काम करतोय. बदलला तर आणखी एक टॉरॉइड लागेल. एसडब्ल्यूआर दीडवर आहे की दोनवर याची चिंता त्यानंतर. दोनला परावर्तन फक्त ११ टक्के असतं. त्यानंतर एकेका बँडवर हळूहळू पॉवर चढवा आणि घरातल्या कुणाला तरी टीव्ही, राउटर आणि दारावरची बेल यांच्यावर लक्ष ठेवायला सांगा. खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल तुमच्या सीक्यूबरोबर, म्हणजे रेडिओवर सगळ्यांना घातलेल्या हाकेबरोबर, वाजत असेल, तर त्यांच्या बेलच्या वायरीवर लावायला एक क्लिपवाला फेराइट सोबत घेऊनच खाली उतरा.